फ्रेंच तोंडी परीक्षेसाठी ‘छंद आणि फावला वेळ’ सराव-संच : व्याकरण भक्कम, संभाषण अपुरे

शालेय स्तरावरील फ्रेंच परीक्षेत विद्यार्थी परीक्षकासमोर बसला, नाव, वय, कुटुंब एवढे विचारून झाले, की पुढचा प्रश्न बहुधा फावल्या वेळात काय करतोस हाच असतो. विषय ओळखीचा आणि घरून तयारी करून येण्याजोगा, म्हणून विद्यार्थी त्याला सोपा समजतात. प्रत्यक्षात मात्र दोन वाक्यांत माहिती संपते, तिसरे वाक्य सुचत नाही आणि हातचे गुण जातात. केवळ या एका विषयाला वाहिलेल्या एका डिजिटल सराव-संचाचे हे परीक्षण आहे. संचात फ्लॅशकार्ड, ध्वनिमुद्रणे, व्याकरणाचे स्वाध्याय, नमुना उत्तरे आणि ध्वनिमुद्रित प्रश्नांवर आधारलेली सराव-मुलाखत असे भाग आहेत आणि सर्व स्पष्टीकरणे इंग्रजीत आहेत. संचाचे आणि प्रकाशकाचे नाव मी मुद्दामच दिलेले नाही, कारण या साच्याचे संच बरेच आहेत आणि पुढे लावलेल्या कसोट्या त्यांपैकी कोणत्याही संचाला लावून पाहता येतील. फ्रेंच शब्द उच्चारानुसार देवनागरीत लिहिले आहेत ते केवळ वाचनाच्या सोयीसाठी; विद्यार्थ्याने ते असे लिहून पाठ करू नयेत, कारण फ्रेंचचे कित्येक स्वर देवनागरीत नेमके उतरत नाहीत.

संचाची सर्वांत भक्कम बाजू म्हणजे क्रियापदांचा भाग. छंदांविषयीचे जवळजवळ निम्मे बोलणे ‘झुए’ (खेळणे, वाजवणे) आणि ‘फेर’ (करणे) या दोन क्रियापदांवर चालते, आणि त्यांच्यामागून येणारे शब्दयोगी अव्यय चुकले की वाक्य लगेच कच्चे वाटू लागते. खेळासाठी ‘झुए आ’ म्हणायचे, म्हणून ‘झ झू ओ तेनीस’ (‘आ’ आणि ‘ल’ मिळून ‘ओ’). वाद्यासाठी ‘झुए द’, म्हणून ‘झ झू द्यू पियानो’ (‘द’ आणि ‘ल’ मिळून ‘द्यू’). आणि पोहणे, सायकल चालवणे, गिर्यारोहण, नृत्य अशा क्रियांसाठी ‘फेर द’, म्हणून ‘झ फे द्यू व्हेलो’. संचाने हे तीन गट पहिल्याच पाठात वेगळे केले आहेत आणि पुढच्या प्रत्येक पाठात वेगवेगळ्या कर्मांसह ते पुन्हा पुन्हा समोर आणले आहेत, हे शहाणपणाचे आहे. अडचण स्पष्टीकरणाच्या भाषेची आहे. इंग्रजीत खेळण्याला आणि वाजवण्याला एकच क्रियापद असल्यामुळे संचाला हा फरक समजावण्यासाठी पानभर तक्ता द्यावा लागतो. मराठी विद्यार्थ्याला तो तक्ता लागतच नाही: जिथे आपण ‘खेळतो’ म्हणतो तिथे ‘आ’ आणि जिथे ‘वाजवतो’ म्हणतो तिथे ‘द’, एवढे सांगितले की पुरते. पत्ते, बुद्धिबळ आणि व्हिडिओ गेमही आपण खेळतोच, त्यामुळे तेही आपोआप योग्य गटात जातात.

अशीच गोष्ट ‘ऐकणे’ आणि ‘पाहणे’ यांची आहे. फ्रेंचमध्ये ‘एकूते’ आणि ‘रगार्दे’ यांना थेट कर्म लागते, मध्ये कोणतेही अव्यय येत नाही. आपण संगीत ऐकतो आणि मालिका पाहतो, तशीच ही रचना आहे. इंग्रजीतून विचार करणारा विद्यार्थी मात्र ‘एकूते’नंतर नको असलेला ‘आ’ घालतो, आणि संचाने ही चूक टाळण्यासाठी लाल चौकटीत इशारा दिला आहे. इंग्रजीचा वळसा न घेता शिकणाऱ्याला त्या इशाऱ्याची गरज नाही. उलट, इशारा वाचल्यामुळेच चूक डोक्यात शिरण्याची भीती अधिक.

आवड सांगण्याच्या पाठात तर या वळशाची किंमत स्पष्ट दिसते. संच ‘झेम’ म्हणजे ‘मी अमुक पसंत करतो’ या घाटाच्या वाक्याने सुरुवात करतो, जे योग्यच आहे, कारण परीक्षेत तेच सर्वांत जास्त लागते. पण ‘सा म प्ले’ ही रचना त्याने प्रगत वाक्प्रचारांच्या यादीत, अगदी शेवटी टाकली आहे. त्या रचनेत आवडणारी वस्तू कर्ता असते आणि आवडणारा माणूस ‘मला’ या अर्थाने येतो. म्हणजे ‘मला ते आवडते’ याच बांधणीचे हे वाक्य आहे. मराठी विद्यार्थ्यासाठी ते प्रगत नसून घरचे आहे, आणि ते पहिल्या आठवड्यात शिकवले तर मुले ते सहज वापरतात असे मला वारंवार दिसले आहे. परीक्षकाच्या कानालाही ‘झेम’ ची माळ ऐकल्यानंतर हा बदल सुखावतो.

उपपदांचा, म्हणजे नामाआधी येणाऱ्या ‘ल’, ‘ला’ यांसारख्या शब्दांचा, पाठ थोडा घाईत उरकला आहे, आणि तो घाईत उरकण्याजोगा नाही. आवडीचे बोलताना ‘झेम ला म्युझीक’ (मला संगीत आवडते), पण प्रत्यक्ष कृती सांगताना ‘झेकूत द ला म्युझीक’ (मी संगीत ऐकतो). नकार आला की ‘झ फे द्यू स्पोर’ चे ‘झ न फे पा द स्पोर’ होते, पण ‘झ नेम पा ल स्पोर’ मध्ये ‘ल’ जागचा हलत नाही, आणि ‘झ न झू पा ओ तेनीस’ मध्येही ‘ओ’ तसाच राहतो. मराठीत उपपदेच नाहीत, त्यामुळे येथे आपल्याला मातृभाषेचा काहीही आधार मिळत नाही आणि सराव भरपूर लागतो. संचात या तीन नकारांसाठी मिळून एकच स्वाध्याय आहे. त्याउलट वारांची नावे पाठ करून घेण्यासाठी स्वाध्यायांची रेलचेल आहे; मात्र ‘ल सामदी’ म्हणजे दर शनिवारी आणि नुसते ‘सामदी’ म्हणजे येत्या किंवा गेल्या शनिवारी, हा परीक्षेत खरोखर उपयोगी पडणारा फरक एका तळटीपेत बसवला आहे.

काळांची मांडणी मला संपूर्ण संचात सर्वांत आवडली. परीक्षेत वरचे गुण हवे असतील तर नुसत्या वर्तमानकाळावर भागत नाही. पूर्वी काय करत होतो, गेल्या आठवड्यात काय केले आणि पुढे काय करायचे आहे, हेही यावे लागते. संचाने हे तिन्ही एकाच छंदाभोवती गुंफले आहेत. एक मुलगी लहानपणी पोहायची, मागच्या महिन्यात तिने स्पर्धेत भाग घेतला, आणि वेळ मिळाला तर पुढे तिला पोलोही शिकायचा आहे, अशी तिची गोष्ट चार-पाच पाठांत पुढे सरकते. येथेही मराठी मदतीला येते. ‘पोहायची’ हे रूप म्हणजे नेमका ‘अँपार्फे’चा, म्हणजे सवयीच्या भूतकाळाचा, एक मुख्य उपयोग, आणि ‘पोहली’ किंवा ‘भाग घेतला’ म्हणजे ‘पासे काँपोझे’, पूर्ण झालेल्या क्रियेचा भूतकाळ. तसेच ‘दप्वी’चे, म्हणजे ‘पासून’चे, आहे: ‘मी तीन वर्षांपासून गिटार शिकतो आहे’ हे आपण वर्तमानकाळातच म्हणतो आणि फ्रेंचही ‘दप्वी’बरोबर वर्तमानकाळच वापरते. इंग्रजी माध्यमातून जाणारा विद्यार्थी येथे हमखास भूतकाळाकडे झुकतो. संचातील तक्ता इंग्रजी वाक्यावरून फ्रेंच वाक्याकडे नेतो. शिक्षकाने त्या तक्त्याचा इंग्रजी स्तंभ झाकून मराठी वाक्य सांगावे, म्हणजे अर्ध्या पाठाचे कष्ट वाचतात.

ध्वनिमुद्रणे उत्तम आहेत, आणि त्यांतल्या एका गोष्टीची मुद्दाम नोंद करतो. ‘झ झू’ म्हणजे मी खेळतो, ‘झे झुए’ म्हणजे मी खेळलो आणि ‘झ झुए’ म्हणजे मी खेळायचो. कागदावर ही तीन रूपे स्पष्ट वेगळी दिसतात. बोलताना शेवटच्या दोहोंतला फरक मुख्यतः आरंभीच्या ‘झ’ आणि ‘झे’ यांच्यात असतो, कारण क्रियापदाच्या शेवटच्या स्वरातला फरक अगदी बारीक आहे आणि बरेच फ्रेंच भाषकही तो काटेकोरपणे पाळत नाहीत. विद्यार्थ्याने हा आरंभीचा स्वर गुळगुळीत उच्चारला की परीक्षकाला काळच कळत नाही, आणि घरी केलेली काळांची तयारी गुणपत्रिकेत उतरत नाही. संचाने ही त्रयी आधी संथ आणि मग नेहमीच्या वेगाने ऐकवली आहे, विद्यार्थ्याला स्वतःचा आवाज मुद्रित करून शेजारी ठेवून ऐकता येतो, आणि यंत्र त्यावर कोणताही गुण देत नाही. यंत्राने गुण न देणे ही मला उणीव वाटत नाही. यंत्राच्या शाबासकीवर विसंबण्यापेक्षा मूळ आवाज आणि आपला आवाज लागोपाठ ऐकणे अधिक कामाचे आहे. शब्दांची जोड होते तिथला ‘झ’, उदाहरणार्थ ‘ओझेशेक’ म्हणजे बुद्धिबळ, हाही नीट ऐकू येतो.

आता नमुना उत्तरांकडे वळतो, आणि येथे माझे मत कठोर आहे. संचातील जवळजवळ प्रत्येक नमुना विद्यार्थ्याला फुटबॉल आवडतो, संगीत आवडते, मित्रांबरोबर सिनेमाला जाणे आवडते, आणि या सर्वांचे कारण एकच: ‘से अँतेरेसाँ’, म्हणजे ते मनोरंजक आहे. ही उत्तरे व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहेत आणि पाठ करायला सोपी आहेत, हीच त्यांची अडचण. परीक्षक दिवसभरात हेच उत्तर अनेकदा ऐकतो, आणि पाठांतर आहे अशी शंका आली की तो लगेच वेगळा प्रश्न विचारतो: कुठल्या संघाचा पाठीराखा आहेस, शेवटचा चित्रपट कोणता पाहिलास, त्यात काय आवडले नाही. ज्याने संचातले फुटबॉल उसने घेतले आहे, त्याच्याकडे या प्रश्नांना उत्तर नसते. जो खरोखर पक्षी पाहायला जातो किंवा बुद्धिबळाच्या जुन्या डावांची वही ठेवतो, त्याच्याकडे सांगण्यासारखे असते. पण त्याला लागणारे शब्द संचात नाहीत. प्रत्येक पाठाच्या शेवटी ‘तुझा छंद यात नसेल तर’ असे अर्धे रिकामे पान ठेवले असते, आणि तिथे जागा, वेळ, सोबत, साहित्य आणि अडचण यांसाठी वाक्यांचे सांगाडे दिले असते, तर संचाचे मोल दुप्पट झाले असते.

कारणे सांगण्याचा भाग अगदीच तोकडा आहे. ‘सा म देताँ’ म्हणजे त्याने मला विसावा मिळतो, एवढे एक वाक्य ‘से अँतेरेसाँ’च्या पलीकडे जाते. नापसंतीची कारणे तर नाहीतच. जणू जगातल्या कोणत्याही मुलाला कोणत्याही छंदाचा कधी कंटाळा येत नाही.

आणखी एक दोष लहान वाटेल, पण तो ऐकू येतो. नमुना उत्तरे केवळ पुल्लिंगी रूपात दिली आहेत. लिहिताना विशेषणाच्या शेवटी एखादे अक्षर वाढवायचे राहिले तर ते कधी नजरेतून सुटेलही. पण ‘स्पोर्तीफ’ आणि ‘स्पोर्तीव्ह’ यांतला फरक कानाला स्पष्ट कळतो, आणि मुलीने ‘झ स्वी स्पोर्तीफ’ म्हटले की उत्तर दुसऱ्याचे आहे हे तत्क्षणी उघड होते. मराठीत ‘मी खेळायचो’ आणि ‘मी खेळायचे’ हा भेद आपण न विचारता पाळतो. संचकर्त्यांना दुसरे रूप शेजारी छापायला फारसे कष्ट पडले नसते.

संचाच्या मुखपृष्ठावर तो सर्व शालेय परीक्षांना उपयुक्त असल्याचे म्हटले आहे. हा दावा जपून घ्यावा. १९८५ पासून घेतल्या जाणाऱ्या डेल्फ या फ्रेंच भाषेच्या प्रमाणपत्र-परीक्षेचेच पाहा; तिचे ए१ आणि ए२ हे सुरुवातीचे दोन स्तर. ए१ स्तराची तोंडी परीक्षा ५ ते ७ मिनिटांची आणि ए२ ची ६ ते ८ मिनिटांची असते, आणि दोन्हींचे तीन-तीन भाग असतात. ए१ मध्ये परीक्षकाच्या प्रश्नांना उत्तरे देणे हा केवळ पहिला भाग झाला. दुसऱ्या भागात विद्यार्थ्याला एकेक शब्द लिहिलेल्या चिठ्ठ्या मिळतात आणि त्या शब्दांवरून त्यानेच परीक्षकाला प्रश्न विचारायचे असतात. तिसऱ्यात एखादा छोटा व्यवहार वठवायचा असतो. ए२ मध्ये सलग बोलण्याचा एक भाग आहे आणि शेवटी दोघांनी मिळून काहीतरी ठरवण्याचा प्रसंग येतो, जिथे मित्राबरोबर बाहेर जाण्याचा बेत हा अगदी नेहमीचा विषय आहे. संचातील सराव-मुलाखत मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत केवळ उत्तरे देण्याची आहे. विद्यार्थ्याने ‘एस क’ (मराठी ‘का’सारखा प्रश्नार्थक प्रयोग) लावून एक तरी प्रश्न विचारावा, असा प्रसंग तीत येतच नाही. परीक्षकाला प्रत्यक्ष प्रश्न विचारताना ‘व्हू’ आणि मित्राची भूमिका असलेल्या प्रसंगात ‘त्यू’, ही अदलाबदलही म्हणूनच सरावाबाहेर राहते. मराठी मुलांना ‘तुम्ही’ आणि ‘तू’ यांचे भान जन्मजात असते, त्यांना फक्त तोंडाला सवय हवी. पण ती सवय लावायची जागा संचात नाही. डेल्फमध्ये चारही कौशल्यांना प्रत्येकी २५ गुण असतात, उत्तीर्ण होण्यासाठी एकूण १०० पैकी ५० आणि प्रत्येक कौशल्यात किमान ५ गुण लागतात, हे लक्षात घेतले तर तोंडी परीक्षेचे दोन भाग सरावाविना सोडणे परवडणारे नाही.

इंग्लंडमधील जीसीएसई या शालेय परीक्षेची नवी रचना तर आणखी वेगळी आहे. सप्टेंबर २०२४ पासून शिकवल्या जाणाऱ्या आणि २०२६ पासून परीक्षेला आलेल्या अभ्यासक्रमात मोठ्याने वाचन आणि श्रुतलेखन यांना स्थान आहे, आणि शब्दसंग्रह पायाभूत स्तरासाठी १,२०० तर उच्च स्तरासाठी १,७०० शब्दांच्या यादीत बांधून दिला आहे. संचातील ध्वनिमुद्रणे मोठ्याने वाचण्याच्या सरावासाठी चांगली वापरता येतात. मात्र शब्दांची यादी जुन्या पद्धतीची, लांबलचक आहे. विद्यार्थ्याने ती आपल्या परीक्षेच्या अधिकृत यादीशी ताडून मगच पाठ करावी.

शब्दांच्या निवडीविषयी फार तक्रार नाही. ‘राँदोने’ म्हणजे पायी भटकंती, ‘एस्कालाद’ म्हणजे कडे चढणे, ‘ब्रिकोलाझ’ म्हणजे घरगुती दुरुस्तीची आणि जोडकामाची हौस, असे खरोखर फ्रेंच माणसांच्या बोलण्यातले शब्द आले आहेत. फसव्या शब्दांची चौकटही चांगली आहे: ‘लेक्त्यूर’ म्हणजे वाचन, व्याख्यान नव्हे, ‘लिब्रेरी’ म्हणजे पुस्तकांचे दुकान, वाचनालयासाठी ‘बिब्लियोतेक’. वाचनाचा छंद सांगणारी मुले यात नेहमीच अडखळतात.

फ्रान्समधील जीवनाची माहिती मात्र अर्धवट टाकली आहे. वाचनाच्या एका उताऱ्यात मुलगा दर ‘मेर्क्रदी’ला, म्हणजे बुधवारी, दुपारी ज्युदोला जातो. आठवड्याच्या मधल्या दिवशी तो शाळेत का नाही, असा प्रश्न विद्यार्थ्यांना पडतो आणि संच त्याचे उत्तर देत नाही. फ्रान्समध्ये प्राथमिक शाळांची आठवड्यामधली सुटी पूर्वी गुरुवारी असे. १९७२ मध्ये ती बुधवारवर आली, आणि आजही बुधवार दुपार हीच खेळ, संगीत आणि चित्रकलेच्या वर्गांची नेहमीची वेळ मानली जाते. गुरुवारच्या त्या जुन्या सुटीची आठवण ‘ला समेन दे कात्र झदी’, चार गुरुवारांचा आठवडा, या वाक्प्रचारात टिकून आहे आणि त्याचा अर्थ कधीही न येणारी वेळ असा होतो. २१ जूनचा, १९८२ मध्ये सुरू झालेला ‘फेत द ला म्युझीक’ हा रस्त्यारस्त्यांवरचा संगीतोत्सव तर छंदांच्या विषयात यायलाच हवा होता. त्याचा केवळ एक फोटो आहे, खाली एक ओळसुद्धा नाही. अशी माहिती विद्यार्थ्याला परीक्षकापुढे स्वतःहून एक प्रश्न विचारायला निमित्त देते, आणि वर म्हटल्याप्रमाणे प्रश्न विचारणे हेच या संचात कमी आहे.

लेखी भाग थोडक्यात पण नेटका आहे. ए२ च्या लेखी परीक्षेत किमान ६० शब्दांचे दोन मजकूर लिहायचे असतात, त्यांपैकी एक सहसा निमंत्रण, आभार, नकार किंवा दिलगिरी अशा स्वरूपाचा. संचात निमंत्रण नाकारण्याचे जे नमुने आहेत ते खरोखर वापरण्याजोगे आहेत: आधी ‘देझोले’ (माफ कर) किंवा मुलीने लिहिताना त्याचे स्त्रीलिंगी रूप, मग कारण, मग दुसऱ्या दिवसाचा प्रस्ताव. येथे स्त्रीलिंगी रूप दिले आहे, हे विशेष. बाकी संचात ते का दिले नाही हे कोडेच आहे. शब्दसंख्या मोजण्याची सोय आहे आणि उत्तरे तपासण्यासाठी दिलेले निकष परीक्षेच्या निकषांच्या जवळ जाणारे आहेत.

ए१ किंवा ए२ ची तयारी करणाऱ्या आणि शिक्षक सोबतीला असलेल्या विद्यार्थ्याने हा संच क्रियापदे, काळ आणि ध्वनिमुद्रणे यांच्यासाठी अवश्य घ्यावा. नमुना उत्तरे वाचावीत, पाठ करू नयेत, आणि सराव-मुलाखत संपल्यावर प्रत्येक प्रश्न उलटा फिरवून तोच शिक्षकाला किंवा मित्राला विचारावा. एकट्याने अभ्यास करणाऱ्याला हा संच एकटा पुरणार नाही. त्याला निदान संभाषणासाठी कोणीतरी जोडीदार शोधावा लागेल. ए२ च्या पुढच्या बी१ स्तरासाठी मी तो सुचवणार नाही. तेथे सुमारे १५ मिनिटे बोलायचे असते, एका छोट्या मजकुरावरून स्वतःचे मत मांडायचे असते, आणि पडद्यासमोरचा वेळ किंवा छंदांवरचा खर्च यांसारख्या मुद्द्यांवर दोन बाजू तोलण्यासाठी लागणारी जोडवाक्ये या संचात मुळीच नाहीत.